उंची मोजली, खेळ कुणी पाहिला?

केविन ड्युरंटला ८४ किलोचा बार छातीवरून एकदाही वर ढकलता आला नाही. २००७ चा उन्हाळा होता. एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, जाऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या पोरांची तपासणी चालू होती आणि टेक्सास विद्यापीठाचा हा काटकुळा पोरगा बाकावर आडवा पडून त्या बारशी झुंजत होता. बाकीची पोरं तोच बार दहा-दहा वेळा उचलून मोकळी झाली. बातमी पसरली, जाणत्यांनी माना हलवल्या. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, पहिलं नाव पुकारलं गेलं ते ग्रेग ओडेनचं. सात फूट उंच, भक्कम, प्रत्येक मापात चोख. पुढे ओडेनच्या गुडघ्यांनी दगा दिला आणि त्याची एनबीए कारकीर्द १०५ साखळी सामन्यांत आटोपली. दुसऱ्या क्रमांकावर गेलेला ड्युरंट २०१४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०१७ व २०१८ अशी लागोपाठ दोन विजेतेपदं त्याच्या खात्यावर जमा झाली.

गुडघे जातील हे आधी कळणं कठीण. त्याचा दोष ओडेनला नाही आणि निवडणाऱ्यांनाही नाही. माझा राग त्या बारवर आहे. बास्केटबॉलच्या सामन्यात उताणं पडून लोखंड ढकलायची वेळ कुणावर येते? तरीही ते मोजलं गेलं, छापलं गेलं, त्यावर चर्चा झाल्या. कारण ते मोजायला सोपं होतं.

या लेखात मला एवढंच म्हणायचं आहे. जे सोपं आहे ते आपण मोजतो, आणि एकदा मोजलं की तेच खरं मानू लागतो.

इंदुरात बसून अमेरिकेतल्या ड्राफ्टची उठाठेव कशाला, असं कुणी विचारेल. तर ऐका. ड्राफ्ट न्यूयॉर्कमध्ये रात्री सुरू होतो तेव्हा आपल्याकडे सकाळ उजाडत असते, पोह्यांच्या कढईखाली जाळ लागत असतो. त्या वेळी आपल्या गावातली कॉलेजची पोरं मोबाइल धरून जागी असतात. २०२५ मध्ये कूपर फ्लॅगला डॅलसने पहिल्या क्रमांकावर घेतलं, त्याची उंची, त्याच्या हातांची लांबी, ड्यूक विद्यापीठातले त्याचे आकडे या पोरांना तोंडपाठ. रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल संकुलात रोज घाम गाळणारं हे गाव आहे. २०२३ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशात खेलो इंडिया युवा स्पर्धा झाल्या तेव्हा बास्केटबॉल इंदूरच्या वाट्याला आलं. खेळाची ओढ उसनी नाही. मात्र फ्लॅगचे आकडे तोंडपाठ असलेल्या या पोरांना स्वतःचे आकडे माहीत नाहीत. त्याकडे येतोच.

आधी त्यांची पद्धत नीट समजून घेऊ. एनबीएचे ३० संघ आहेत. गेल्या हंगामात जे तळाशी राहिले, त्यांच्या चिठ्ठ्या काढून पहिले क्रमांक ठरतात आणि मग एकेक संघ एकेक पोरगा उचलतो. दोन फेऱ्या, साठच्या आसपास नावं. त्याआधी मे महिन्यात शिकागोत सगळ्यांना बोलावतात. अनवाणी उंची, पसरलेल्या हातांची लांबी, हात वर करून कुठवर पोचतो, उडी किती, धाव किती सेकंदांची, सगळं पाव इंचापर्यंत नोंदलं जातं. मुलाखती होतात, डॉक्टर तपासतात. त्याच्याही आधी वर्षभर पारखी माणसं गावोगाव हिंडून सामने बघत असतात. एवढा खर्च आणि एवढी मेहनत जगात फार थोड्या निवडींवर होत असेल.

आणि तरी चूक होते, तीही ढळढळीत. २०१३ मध्ये पहिलं नाव अँथनी बेनेटचं होतं; चार हंगामांत तो लीगबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये यानिस अँटेटोकुम्पो १५ वा गेला. पुढच्या वर्षी निकोला योकिच ४१ वा. त्याचं नाव पुकारलं जात होतं तेव्हा टीव्हीवर खाण्याच्या एका कंपनीची जाहिरात चालू होती. नंतर तीन वेळा तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू झाला. हे दोघे युरोपातून आले होते, त्यांचा खेळ फारसा पाहिलेला नव्हता, अशी सबब देता येते. मग जेलन ब्रन्सनचं काय?

ब्रन्सन विलानोव्हा विद्यापीठाचा. तीन वर्षं कॉलेजात खेळला, त्यांपैकी २०१६ आणि २०१८ मध्ये त्याचा संघ राष्ट्रीय विजेता. २०१८ चा देशातला सर्वोत्तम कॉलेज खेळाडूही तोच. त्याचे सामने साऱ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिले होते. त्याचं नाव आलं ३३ व्या क्रमांकावर. बत्तीस पोरं त्याच्या आधी. उणिवा कोणत्या? उंची सहा फूट दोन इंच, उडी बेताची, आणि वय २१. एकोणीस वर्षांच्या पोरात अजून वाढ होईल असं धरतात, एकविसाच्यात धरत नाहीत. २०२५ मध्ये याच ब्रन्सनने न्यूयॉर्क निक्सला २५ वर्षांनी विभागीय अंतिम फेरीत नेलं. ब्रन्सनकडे काय आहे? समोरचा बचावपटू कोणत्या पायावर भार देऊन उभा आहे हे तो ओळखतो. थांबतो, वळतो, खांदा पुढे काढतो आणि जागा मिळवतो. शिकागोत हे मोजणारं यंत्र नाही. ते सामन्यात दिसतं, आणि सामने तर सगळ्यांनीच पाहिले होते. म्हणजे डोळ्यांनी पाहिलेलं सोडून फुटपट्टीवर विश्वास ठेवला गेला.

मुलींच्या बाबतीत तिथे नियम शहाणा आहे. डब्ल्यूएनबीएत, म्हणजे महिलांच्या लीगमध्ये, जायला अमेरिकी मुलीने कॉलेजची चार वर्षं काढलेली असावीत किंवा त्या वर्षी तिला बावीस पूर्ण होत असावीत. पुरुषांना १९ वर्षं वय आणि शाळेनंतर एक वर्ष एवढं पुरतं. त्यामुळे २०२४ मध्ये केटलिन क्लार्कला पहिल्या क्रमांकावर घेताना निवडणाऱ्यांपुढे आयोवा विद्यापीठातल्या चार वर्षांचा खेळ आणि ३,९५१ गुण होते. एका हंगामावर पैज लावायची वेळ आली नाही. चार वर्षं पाहिलेल्या माणसाबद्दल चूक कमी होते, हे सांगायला तज्ज्ञ नको.

तिकडच्या जाणत्या पारख्यांकडून शिकण्यासारखंही खूप आहे. कॉलेजातला पोरगा लांबून तीन गुणांचे चेंडू किती टाकतो यावर ते लगेच भाळत नाहीत. कॉलेजची तीन गुणांची रेषा जवळ, एनबीएची दूर. त्यात एका हंगामात फेकी तरी किती होणार? ते त्याचे फ्री थ्रो बघतात. रिकाम्या रेषेवरून, कुणी अंगावर नसताना, तोच चेंडू तो किती सातत्याने टाकतो, यावरून मनगट खरं की त्या हंगामातलं नशीब, याचा अंदाज बांधतात. पास देऊन किती बास्केट घडवले आणि चेंडू किती वेळा गमावला याचं प्रमाण बघतात. प्रतिस्पर्धी कोण होता ते बघतात. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे चेंडू हातात नसताना तो काय करतो ते बघतात. बचावात ओरडून सोबत्याला सावध करतो का? बदलून बाहेर काढल्यावर बाकावर कसा बसतो? या एका नजरेसाठी मी त्या माणसांना मानतो.

आपल्याकडे सराफ्यात दिवसा बसणारा सोनार दागिना तराजूत टाकतो, पण भाव सांगण्याआधी कसोटीवर घासतो. वजन वेगळं, कस वेगळा.

कस न बघता भाव सांगितला की काय होतं ते याच इंदूरने २०२२ मध्ये पाहिलं. खेळ वेगळा, पण गोष्ट तीच. त्या फेब्रुवारीत बंगळुरूला आयपीएलचा मोठा लिलाव झाला. आपल्या आवेश खानवर लखनौने १० कोटी लावले. भारताकडून न खेळलेल्या खेळाडूला तोवर मिळालेली ती सर्वांत मोठी रक्कम. आपल्याच रजत पाटीदारचं नाव आलं आणि कुणी हात वर केला नाही. दहा संघांपैकी एकानेही नाही. पुढे बंगळुरूचा एक खेळाडू जखमी झाला म्हणून पाटीदारला २० लाखांत बदली बोलावलं. २५ मे ला ईडन गार्डन्सवर बाद फेरीत दोघे इंदूरकर समोरासमोर आले. पाटीदारने ५४ चेंडूंत नाबाद ११२ केल्या आणि लखनौ घरी गेलं. महिनाभराने त्याने रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईविरुद्ध १२२ केल्या आणि मध्य प्रदेशने इतिहासात पहिल्यांदा रणजी करंडक उचलला. ३ जून २०२५ ला बंगळुरूने पहिलं आयपीएल जिंकलं तेव्हा कप्तान तोच होता.

फेब्रुवारीचा पाटीदार आणि मेचा पाटीदार यांत फरक काय होता? काहीही नाही. तोच माणूस, तीच बॅट. फरक एवढाच की प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांनी मध्य प्रदेशच्या सरावात त्याला दिवसचे दिवस पाहिलं होतं आणि लिलावाच्या टेबलावर त्याच्या नावाला काही सेकंद मिळाले होते.

उलटही होतं. वेंकटेश अय्यर आपलाच. २०२१ मध्ये २० लाखांच्या बोलीवर कोलकात्याकडून उतरला आणि १० सामन्यांत ३७० धावा काढल्या. २०२४ च्या लिलावात त्याच कोलकात्याने त्याच्यासाठी २३ कोटी ७५ लाख मोजले. पुढच्या हंगामात, २०२५ मध्ये, ११ सामन्यांत १४२ धावा झाल्या आणि लोक त्याच्यावर तुटून पडले. पोराने स्वतःचा भाव स्वतः लावला होता का? ज्यांनी लावला त्यांना जाब विचारा.

होळकरांच्या काळातही हेच. सी. के. नायडूंनी मुश्ताक अलींना इंदुरात कोवळ्या वयात हेरलं. १९३४ मध्ये मुश्ताक कसोटीत उतरले ते डावखुरे फिरकी गोलंदाज म्हणून. दोन वर्षांनी मँचेस्टरला सलामीला जाऊन त्यांनी ११२ केल्या. परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. आणि चंदू सरवटे! १९४६ चा मे महिना, ओव्हलवर सरेविरुद्ध भारताचे ९ बाद २०५. दहाव्या क्रमांकावर सरवटे, अकराव्यावर शुटे बॅनर्जी. दोघांनी शेवटच्या जोडीला २४९ धावा जोडल्या. सरवटे नाबाद १२४, बॅनर्जी १२१. दोघांना तळाला कुणी बसवलं? यादी करणाऱ्याने. सरवटे पेशाने बोटांच्या ठशांचे तज्ज्ञ होते, बारकाईने पाहणं हे त्यांचं रोजचं काम. पुढे ते राष्ट्रीय निवड समितीवर गेले. निवडणारा असावा तर असा.

आता आपल्या कॉलेजातल्या बास्केटबॉलकडे वळू. आपल्याकडे ड्राफ्ट नाही असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. आपला ड्राफ्ट म्हणजे रेल्वेची खेळाडू भरती. पोलीस, सेनादल, ओएनजीसी, बँका आहेतच, पण कॉलेजात घाम गाळणाऱ्या बहुतेक पोरांच्या डोळ्यांपुढे रेल्वेच असते. व्यावसायिक लीग आल्या आणि गेल्या. २०१५ मध्ये यूबीए सुरू झाली, तिच्यात पुणे पेशवाज नावाचा संघही होता. २०१७ नंतर ती थांबली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत २५ वर्षांखालच्यांची लीग झाली. चेन्नई, दिल्ली, गुजरात, हैदराबाद, मुंबई, पंजाब असे सहा संघ होते. त्यात मध्य प्रदेश नाही. तेव्हा आपल्या पोराने बघायचं कुठे? भरतीच्या जाहिरातीकडे.

ती जाहिरात एकदा नीट वाचा. गुण १००. त्यांतले ५० प्रमाणपत्रांना. ४० मैदानावरच्या चाचणीला, त्यात खेळाचं कौशल्य, तंदुरुस्ती आणि प्रशिक्षकाचं निरीक्षण असं तिन्ही मिळून; पास व्हायला त्यांतले २५ लागतात. शिक्षणाला १०. वय १८ ते २५, सवलत नाही. पात्रतेच्या निकषांपैकी एक असा की अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत पहिल्या तिघांत स्थान असावं.

पहिल्या तिघांत कोण येतं? संघ येतो. बास्केटबॉल हा पाच जणांचा खेळ, संघात बारा जण. तिसऱ्या आलेल्या संघातला बारावा पोरगा, ज्याच्या वाट्याला अख्ख्या स्पर्धेत चार मिनिटं आली, त्याच्याकडे प्रमाणपत्र आहे. सहाव्या आलेल्या संघातला, प्रत्येक सामना एकट्याच्या खांद्यावर ओढून नेणारा पोरगा त्याच निकषावर बाहेर. धावपटूला हे लागू होत नाही. तो स्वतःच्या वेळेवर येतो आणि जातो. सांघिक खेळात संघाचा क्रमांक हाच एकेका पोराचा कस मानणं हा अन्याय आहे, आणि तो नियमात बसवलेला अन्याय आहे.

रेल्वेवर राग नाही. उलट देशातलं महिला बास्केटबॉल आज उभं आहे ते रेल्वेच्या नोकऱ्यांवर. पुण्याची शिरीन लिमये रेल्वेकडून खेळली, भारताची कप्तान झाली. राष्ट्रीय स्पर्धांत रेल्वेच्या मुलींचा दबदबा वर्षानुवर्षं आहे. पगार, घर, सरावाला वेळ, हे देणारं दुसरं कोण आहे? म्हणून तर त्या जागा योग्य पोरांना मिळाव्यात असा हट्ट आहे. जागा मोजक्या असतात. एक चुकीची गेली की एक खरा खेळाडू पंचविसाव्या वर्षी बूट काढून दुकानावर बसतो. अशी पोरं या गावात आहेत. त्यांना मी ओळखतो.

मग निवडणाऱ्याने तरी बघायचं काय? त्याच्या हातात कागद येतो कोणता? आपल्या कॉलेज स्पर्धेतलं स्कोअरशीट एकदा उघडून पाहा. त्यावर गुण असतात, फाउल असतात, टाइम-आउट असतात, कोण खेळायला उतरला त्याची खूण असते. बस. जागतिक संघटनेचाच तो नमुना आहे आणि सामन्याचा निकाल लावण्यापुरता तो अगदी नेटका आहे. पण त्यावर रिबाउंड नाहीत. बास्केट घडवणारा पास नाही. चेंडू कुणी हिसकावला, कुणी गमावला, कुणाची फेक अडवली, यांतलं काहीही नाही. कोण किती मिनिटं खेळला तेही नाही. कुणी २० गुण केले ते कळतं. ते करायला त्याने १२ फेकी घेतल्या की ३०, हे कळत नाही.

एक पोरगा डोळ्यांपुढे आणा. उंची बेताची, गार्ड खेळतो. चेंडू त्याच्या हातात असला की संघ शांत असतो. उंच सोबती रिंगखाली मोकळा झाला की त्याच क्षणी पास त्याच्या हातात पडतो. समोरचा मुसंडी मारून येतो तेव्हा हा पाय रोवून छाती पुढे करतो आणि फाउल त्याच्या नावावर चढवतो. प्रतिस्पर्ध्याचा सर्वांत चांगला गार्ड याच्यासमोर अख्खा सामना तळमळतो. सामना संपतो. कागदावर याच्या नावापुढे चार गुण आणि तीन फाउल. प्रशिक्षक त्याला डोक्यावर घेतील, सोबती त्याच्याशिवाय खेळायला तयार नसतील, पण चाचणीला बसलेल्या परक्या माणसाला हे कोण सांगणार? त्याच्यापुढे तासाभराची चाचणी आहे. त्या तासाभरात रांगेत उभं करून ले-अप मारायला लावतात, उड्या मारायला लावतात, थोडा सामना खेळवतात. उंच आणि उडी मारणारा पोरगा पटकन डोळ्यांत भरतो. बारने ड्युरंटला हरवलं तशीच ही उडी आपल्या गार्डला हरवते. ड्युरंटकडे निदान कॉलेजच्या अख्ख्या हंगामाचे आकडे आणि चित्रफिती होत्या. आपल्या पोराकडे चार गुण आणि तीन फाउल आहेत.

उंचीच्या वेडाबद्दल अजून एक. पंजाबच्या बल्लो के गावचा सतनाम सिंग भामरा, सात फूट दोन इंच. चौदाव्या वर्षी फ्लोरिडाच्या अकादमीत गेला आणि २०१५ मध्ये डॅलसने त्याला ५२ व्या क्रमांकावर घेतलं. एनबीए ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो पहिला भारतीय. एनबीएचा एकही साखळी सामना त्याच्या वाट्याला आला नाही. त्याच्या कष्टांपुढे मी नतमस्तक आहे. परक्या देशात, परक्या भाषेत त्या पोराने जे केलं ते कुणी केलं नव्हतं. पण त्याच्यानंतर आपल्याकडे काय सुरू झालं? उंच पोरांचा शोध. शाळेच्या प्रार्थनेला सगळ्यांत मागे उभा राहणारा पोरगा दिसला की धरा त्याला. त्या पोराला आठवड्याला चुरशीचे दोन सामने कोण देणार, हा प्रश्न कुणी विचारला नाही. उंची आई-बाप देतात. खेळ सामने खेळून येतो, तोही तुल्यबळांशी. शिवाय कनिष्ठ गटात वयाचे दाखले खोटे निघतात हे मैदानावर सर्वांना ठाऊक आहे. सतराचा म्हणून उभा राहिलेला एकोणीस वर्षांचा पोरगा सगळ्यांवरून उड्या मारतो, आणि खऱ्या सतराच्या पोराला घरी पाठवलं जातं. दाखला तपासल्याशिवाय केलेली पारख ही पारखच नव्हे.

उपाय परदेशातून आणायचा नाही. सामन्याच्या टेबलावर आजही स्कोअरर असतो, त्याचा मदतनीस असतो, घड्याळ सांभाळणारा असतो, चोवीस सेकंदांवर लक्ष ठेवणारा असतो. त्यांच्याशेजारी अजून दोन खुर्च्या टाका. एक पोर बघून सांगेल, दुसरं लिहील. फेक घेतली, पडली, नाही पडली, रिबाउंड कुणाचा, पास कुणाचा, चेंडू कुणी घालवला, कोण कितव्या मिनिटाला आत आला आणि कितव्या मिनिटाला बाहेर गेला. प्रत्येकी दहा मिनिटांचे चार डाव. दोन-तीन सामने चुकत होतील, चौथ्या सामन्याला हात बसेल. गॅलरीत वरच्या कोपऱ्यात एक मोबाइल स्टँडवर लावा, अख्खा सामना एकाच कोनातून टिपा. एवढं झालं की रतलामचा, खांडव्याचा, बऱ्हाणपूरचा पोरगाही भरतीच्या टेबलावर स्वतःचा कागद घेऊन उभा राहील.

माणसं कुठून आणायची? आपल्या देवी अहिल्या विद्यापीठात संख्याशास्त्राचा विभाग आहे आणि शारीरिक शिक्षणाचाही आहे. एकाच विद्यापीठाचे दोन विभाग. आकडे शिकणाऱ्या पोरांना खरे आकडे हवेत, खेळ शिकवायला निघालेल्या पोरांना खेळ वाचायची सवय हवी. दोघांना एका टेबलावर बसवायला कोणती मंजुरी लागते? एका पत्राचं काम आहे.

निवड समित्यांकडे एक मागणी. विद्यापीठाचा संघ निवडलात की बारा नावांबरोबर प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा. हा का. आणि जो तेराव्या क्रमांकावर राहिला त्याला बोलावून सांगा, तू का नाही. समोरासमोर सांगा. ज्याला कारण सांगता येत नाही त्याने निवड समितीवर बसू नये. आपला माणूस, ओळखीच्याचा मुलगा, अमक्या क्लबचा खेळाडू, ही कारणं कागदावर लिहायला हात धजत नाही. म्हणून तर लिहायला लावायचं.

आकडे आले की सगळं सुटेल असं मी म्हणत नाही. ब्रन्सनचे आकडे होते, तरी त्याला ३३ वा ढकललाच. पण त्याचे आकडे होते म्हणून नंतर त्याच्यावर झालेला अन्याय उघडा पडला आणि निवडणाऱ्यांना आजही त्याबद्दल उत्तर द्यावं लागतं. आपल्या पोरांवरचा अन्याय उघडा पडायलाच पुरावा नाही. चूक झाली हेच कळत नसेल तर ती सुधारणार कोण?

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांचा हंगाम येतो आहे. कॉलेजच्या क्रीडा अधिकाऱ्यांनी पहिल्या सामन्यापासून स्कोअरशीटशेजारी हा आकड्यांचा दुसरा कागद टेबलावर ठेवावा आणि त्याच संध्याकाळी सूचना फलकावर लावावा. ते होत नसेल तर आई-बापांनो, तुमचं पोर खेळत असेल त्या सामन्याला वही आणि पेन्सिल घेऊन जा. फक्त आपल्या पोराचं लिहू नका, दोन्ही संघांच्या दहाही जणांचं लिहा. त्या वहीची एक प्रत विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नेऊन द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय परत येऊ नका.